जुनी रेझोनेटर गिटार ओळखताना
जुन्या रेझोनेटर गिटारची ओळख झळाळीवरून नव्हे, आतल्या शंकूवरून पटवावी. लॉस एंजेलिसच्या नॅशनल कंपनीच्या १९२७ च्या ‘ट्रायकोन’मध्ये ॲल्युमिनियमचे तीन पातळ शंकू आणि त्यांना जोडणारा टी-आकाराचा ब्रिज असतो, एकाच शंकूच्या नॅशनलमध्ये शंकूच्या टोकावर लाकडी चकती बसवलेली दिसते. जॉन डोपेरा यांनी नॅशनलमधून वेगळे होऊन भावांसह १९२८ मध्ये काढलेल्या ‘डोब्रो’त शंकू वाटीसारखा उताणा, त्यावर कोळ्यासारखी पसरट धातूची चौकट आणि अंग बहुधा लाकडी. लोहचुंबक जवळ असावा: तो नॅशनलच्या पोलादी ‘ड्युओलियन’ला घट्ट चिकटतो, पितळेला किंवा जर्मन सिल्व्हरला नाही. (जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते, तांबे, निकेल आणि जस्त एवढेच.)

क्रमांक पाहिला की झाले, असे कुणी म्हणेल. पण नॅशनलचा क्रमांक बहुधा हेडस्टॉकवर उमटवलेला असतो, आणि नेक बदलता येतो. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या चौकोनी नेकच्या गिटारला पुढे गोल नेक बसवल्याचीही उदाहरणे आहेत, कारण गोल नेकची ट्रायकोन अधिक दुर्मीळ आणि महाग. म्हणून नेकचा सांधा निरखून पाहावा. शंकू बदललेला असला तरी वाद्य टाकाऊ ठरत नाही. तो पत्रा नाजूकच, कालांतराने दबतो, फाटतो.