केबल काढू की ठेवू?

दिवाळीत भाचा घरी आला आणि आल्या आल्या म्हणाला, "मामा, केबल काढून टाक. नेटवर सगळं फुकट मिळतं." आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "आणि माझं एकशे बत्तीस?" आईला चॅनेल नावाने नाही, आकड्याने माहीत असतात. तिच्या रिमोटच्या पाठीवर चिकटपट्टीने एक चिठ्ठी डकवलेली आहे. त्यावर पाच आकडे: तीन मालिकांचे, एक सह्याद्रीचा, एक बातम्यांचा. वही घेऊन हिशेबाला बसलो तेव्हा कळलं, की तो, ती आणि मी, तिघंही ऐकीव गोष्टींवर भांडत होतो.

माझा गैरसमज बिलाचा होता. केबलवर शंभर चॅनेल फुकट असतात, हे मी वर्षानुवर्षं इतरांनाही सांगत आलो. 2019 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायची नवी दररचना लागू झाली, तेव्हापासून बिलाचे दोन भाग पडले. एक भाग पैसे देऊन घ्यायच्या चॅनेलचा. दुसरा नेटवर्क शुल्काचा, म्हणजे चॅनेल घरापर्यंत आणून सोडण्याच्या हमालीचा. फ्री-टू-एअर चॅनेलची किंमत शून्य असते, हमाली शून्य नसते. ती 130 रुपयांवर बांधलेली होती. 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. 2024 मध्ये ट्रायने ती मर्यादाही उठवली, त्यामुळे आपलं आणि शेजारच्यांचं बिल जुळेलच असं नाही. आमचं बिल 375 रुपये. त्यातले 130 हमालीचे, 188 चॅनेलचे, बाकी कर. त्या 188 मध्ये कार्टूनची दोन चॅनेल निघाली. आमच्या घरातलं शेवटचं लहान मूल म्हणजे हाच भाचा, आणि तो आता बी.कॉम.ला आहे. पॅकेज मोडून सुटी चॅनेल घेता येतात, तो ग्राहकाचा हक्कच आहे. पण हे आपण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

भाच्याचं 'फुकट' तपासायला जास्त वेळ लागला. फुकट काय, तर मराठी बातम्या. बहुतेक वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात, तेवढ्यासाठी केबल ठेवायची गरज खरंच उरलेली नाही. सह्याद्रीसाठी प्रसार भारतीचं वेव्हज ॲप आहे. मालिकांचं मात्र तसं नाही. झी मराठी झी5वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनीलिव्हवर, सन मराठी सन नेक्स्टवर. आईच्या तीन आकड्यांची तीन ॲप झाली. तीन वर्गण्या, तीन पासवर्ड, आणि प्रत्येक ॲपची मालिका शोधायची तऱ्हा वेगळी.

पैसे भरले की जाहिराती बंद, हेही आता सरसकट खरं नाही. प्राइम व्हिडिओने जून 2025 पासून भारतात जाहिराती सुरू केल्या. त्या नको असतील तर वर आणखी पैसे. नेटफ्लिक्सचा सगळ्यात स्वस्त प्लॅन फोन आणि टॅबपुरता आहे, टीव्हीवर तो चालत नाही. आणि 2023 पासून एक खातं एका घराचं, असा त्यांचा नियम आहे. पुण्यातल्या बहिणीचा पासवर्ड साताऱ्यात वापरायचे दिवस गेले.

वेगाबद्दलची भीती मात्र उगीचच वाढवलेली आहे. शंभर-दोनशे एमबीपीएसशिवाय चित्र अडकतं, असं कनेक्शन विकणारे सांगतात. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीसाठी 5 आणि फोर-केसाठी 15 एमबीपीएस पुरे म्हणतं. चित्र गोल गोल फिरत राहतं ते बहुतेक वेळा घरातल्या भिंतींमुळे: राउटर बाहेरच्या खोलीत आणि टीव्ही दोन भिंती पलीकडे. आमच्याकडे राउटर शोकेसवर सरकवल्यावर निम्मी कुरकुर थांबली. फोनच्या डेटावर टीव्ही बघायचा विचार मात्र सोडा. एचडी चित्राला तासाला 3 जीबीपर्यंत लागतात; रोजचे दोन जीबी तासाभराच्या आतच संपू शकतात. नवा स्मार्ट टीव्हीही लागत नाही. जुन्या टीव्हीला एचडीएमआयची खाच असली की स्ट्रीमिंग स्टिक चालते.

क्रिकेटवाल्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नेटवरचं थेट प्रक्षेपण काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं आणि ॲप दोन-चार तुकडे गाठीशी ठेवून मगच दाखवतं. म्हणून आमच्याकडे गोलंदाज अजून धावत असतो आणि खालच्या मजल्यावरून "गेला रे!" ऐकू येतं. त्यांच्याकडे डिश आहे. जुलैत धो धो पावसात डिशचं चित्र जातं, कारण त्या लहरी दाट पावसात विरतात. तेव्हा ओरडायची पाळी आमची.

राहिली दूरदर्शनची फ्री डिश. तिला गावाकडची गोष्ट समजून नाक मुरडणारे बरेच आहेत. 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ती सुरू झाली. डिश आणि बॉक्स एकदा घेतला की महिन्याचा खर्च शून्य. या सगळ्या भानगडीत खरोखर फुकट असं एवढंच. खासगी चॅनेलना तिथली जागा लिलावात घ्यावी लागते, म्हणून ती येतात-जातात. 2022 मध्ये मोठ्या समूहांनी आपली हिंदी चॅनेल काढून घेतली होती, ती पुढच्या वर्षी परतली. आणि एक गंमत: 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावंच लागतं. ते फ्री डिशवर दिसतं. पण तोच सामना केबलच्या किंवा खासगी डिशच्या दूरदर्शनवर दाखवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निकाल आहे. आयपीएल मात्र यात येत नाही.

मी केबलवाल्याला फोन केला. "काका, सुटं कुणी घेत नाही हो," असं दोनदा ऐकून घेतलं आणि तीन मालिकांची तीन चॅनेल सुटी घेतली. बिल सव्वादोनशेच्या आत आलं. वाचलेल्या पैशांत एक ॲप, तेही महिन्याच्या बोलीवर, वर्षाचं नाही. ऑटोपे चालू ठेवलं आहे, कारण पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी तसं कळवलं जाणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बंधनकारक आहे. नको असेल तर तेव्हाच बंद करायचं.

भाचा थोडा हिरमुसला, मग स्टिक लावून देऊन गेला. रिमोटवरची चिठ्ठी आहे तिथेच आहे. पाच आकड्यांखाली आईने सहावी ओळ लिहिली आहे: "नेट – एचडीएमआय 2. आधी राउटरचा दिवा बघणे."