गोधडीखालचं घड्याळ

"मामा, माझ्या घड्याळातलं रेडियम फोटोत येतच नाही!"

भेस्तानला ताईकडे पोचून मी पिशवीही खाली ठेवली नव्हती, तोच भाचीने फोन माझ्या नाकासमोर धरला. पहिला फोटो काळाकुट्ट, कोळशाच्या गोणीत बसून काढल्यासारखा. दुसरा फ्लॅश मारून काढलेला. त्यात घड्याळ, मनगट, मनगटावरचा पेनाचा डाग, सगळं लख्ख. हिरवी चमक तेवढी गायब!

"खोटं रेडियम असणार," तिने निकाल देऊन टाकला. बाईसाहेब सहावीत आहेत आणि एकदा बोलायला लागल्या की मालगाडी! डबे संपतच नाहीत.

भेस्तान कुठे आहे, ठाऊक आहे ना? मुंबईहून रेल्वेने सुरतला जाताना सचिन गेलं की भेस्तान, मग उधना, मग सुरत. उधन्याहून एक फाटा नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जातो. त्याच फाट्याने आमच्यासारखी कितीतरी खानदेशी घरं पोटापाण्यासाठी इथे आली. दाजी लूम्सवर कामाला आहेत. त्या दिवशी त्यांची रातपाळी होती, म्हणजे रात्रभर घर आमच्या ताब्यात. म्हटलं, चल, खरं-खोटं करूनच टाकू.

आधी सांगा बरं, रेडियम म्हणजे काय? नाक्यावर 'रेडियम आर्ट'ची पाटी लावून एक काका गाड्यांच्या नंबरप्लेटी करतात, ते रेडियम. छताला चिकटवायच्या चांदण्या, तेही रेडियम. घड्याळाच्या काट्यांवर असतं, तेही रेडियमच. नाव एक, पण वस्तू वेगवेगळ्या!

नंबरप्लेट स्वतः मुळीच चमकत नाही. तिच्यात बारीक काचमणी किंवा चिमुकले लोलक असतात आणि ते आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवतात. गाडीचा दिवा बंद केला की प्लेटही बंद. चांदणी तशी नाही. दिवा घालवला की तिचा खेळ सुरू होतो. आणि खरं रेडियम? त्याला उजेड दाखवायची गरजच नसते. त्याची गोष्ट जरा वेळाने, कारण तीसुद्धा एका अंधारातल्या फोटोपासूनच सुरू होते.

भाचीचं घड्याळ चांदणीच्या जातीचं. त्याच्या काट्यांवर बहुधा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट नावाचा पदार्थ असतो. त्यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम ही दोन मूलद्रव्यं चिमूटभर मिसळलेली. नावं ऐकून घाबरू नका. सुरतेत राहणाऱ्याला हे एका दिवसात कळतं आणि तो दिवस म्हणजे १४ जानेवारी. उत्तरायण!

त्या दिवशी इथलं आकाश पतंगांनी भरून जातं. आता समजा, काट्यावरच्या रंगातले इलेक्ट्रॉन म्हणजे पतंग आणि दिव्याचा उजेड म्हणजे वारा. उजेड पडला की पतंग वर चढतात. काही लगेच खाली येतात. काही मात्र कटून झाडांत, तारांत अडकतात. डिस्प्रोशियम हे काम करतं, पतंग अडकवायची झाडं पुरवायचं. मग संक्रांत संपली तरी फांदी हलली की एक पतंग खाली, थोड्या वेळाने दुसरा. रंगातला एकेक इलेक्ट्रॉन असा सुटून खाली आला की प्रकाशाचा एक कण बाहेर पडतो. युरोपियम त्याला हिरवा रंग देतं. म्हणून दिवा गेल्यावरही काटे कितीतरी तास मिणमिणत राहतात.

"आणि फांदी कोण हलवतं?" भाचीने बरोबर खोच पकडली.

ऊब! नेहमीच्या हवेत असते तेवढी ऊबही पुरते. गार केलं की पतंग अडकूनच राहतात आणि चमक मंदावते. गरम केलं की भराभर सुटतात. चमक वाढते, पण लवकर संपते.

हा रंग जपानच्या नेमोटो कंपनीने १९९३च्या सुमारास काढला. त्याआधी झिंक सल्फाइड वापरत. ते बिचारं तासाभरातच दमून जायचं.

आता फोटो. पहिली अडचण, अंधार आणायचा कुठून? खिडकीतून रस्त्यावरचा दिवा आत येत होता, टीव्हीचा लाल ठिपका होता, देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब होता. शहरात अंधार म्हणजे महाग चीज! शेवटी ताईने अमळनेरहून आणलेली जाडजूड गोधडी काढली. स्टूल उलटं ठेवून त्याच्या पायांवर गोधडी टाकली आणि झाली आमची अंधारखोली तयार. आजी पलंगावरून म्हणाली, "अंधारामा काय दिखस?" अंधारात काय दिसणार, असं विचारत होती ती अहिराणीत. आम्हालाही तेच बघायचं होतं.

फ्लॅशमध्ये चमक का दिसली नाही, ते आता तुम्हीच सांगाल. दिवसा चांदण्या आकाशात असतातच की! सूर्याच्या उजेडापुढे त्या दिसत नाहीत, एवढंच. फ्लॅश हा आमच्या काट्यांचा सूर्य. आणि काळा फोटो? त्याचं कारण घाई. साधा फोटो काढताना फोन डोळा मिचकावल्यासारखा क्षणभरच उजेड आत घेतो. मिणमिणत्या काट्यांकडून एवढ्या वेळात प्रकाशाचे कण येणार किती? पावसाची भुरभुर चालू असताना बादली क्षणभर बाहेर धरली तर तळही ओला होत नाही. तीच अर्धा तास ठेवली तर तळाशी पाणी दिसतं. कॅमेऱ्यालाही तसंच थांबायला सांगायचं.

आम्ही फोनमध्ये 'प्रो' मोड उघडला. शटर ३० सेकंदांवर आणलं. आयएसओ ४००च ठेवला. तो वाढवला की फोन ओरडून बोलायला लागतो, म्हणजे उजेड मोठा दिसतो, पण फोटोभर रवा सांडल्यासारखे दाणेही दिसतात. अंधारात फोनला फोकस सापडत नाही. म्हणून दिवा चालू असतानाच फोकस जुळवून तो 'मॅन्युअल'वर पक्का केला. फोन हातात धरायचा नाही, नुसत्या श्वासानेही हलतो. पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. बटणाच्या धक्क्याने हलू नये म्हणून टायमर लावला. घड्याळाला दोन मिनिटं दिव्याखाली पोटभर उजेड पाजला आणि शिरलो गोधडीत.

"आता ३० सेकंद हलायचं नाही, बोलायचं नाही."

"बोललं तर काय होतं? आवाज थोडाच—"

"डबा हलतो!"

टिक. टिक. टिक. मग फोनने फोटो दाखवला आणि भाची एवढ्या जोरात किंचाळली की आजी उठून बसली.

तासकाटा हिरवागार आला होता. मिनिटकाट्याचं टोक जरासं जाड, कारण अर्ध्या मिनिटात तो ३ अंश सरकतो. पण सेकंदकाटा? तो नव्हताच! त्याच्या जागी अर्ध्या तबकडीभर फिकट ठिपक्यांची माळ होती, रांगोळीसाठी घालतात तशी. भाचीच्या सेकंदकाट्याच्या टोकाला रेडियमचा एकच ठिपका आहे. घड्याळ सेलवरचं, त्यामुळे काटा दर सेकंदाला एक उडी मारून थांबतो. प्रत्येक थांब्याला एक ठिपका उमटला.

"मग हे फिकट का?" तिने विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. तासकाट्याने एकाच जागी बसून ३० सेकंद बादली भरली, ठिपक्याला प्रत्येक जागी एकच सेकंद मिळाला. शाब्बास! चावीचं घड्याळ असतं तर त्याच्या काट्याने सेकंदाला पाच-सहा बारीक उड्या मारल्या असत्या आणि माळेऐवजी जवळजवळ सलग हिरवी कमान आली असती.

गोधडीत बसल्याबसल्या तिला मी राहिलेली गोष्ट सांगितली. १८९६ साल, पॅरिस. हेन्री बेकरेल नावाच्या शास्त्रज्ञाला वाटत होतं, ऊन खाल्लेले युरेनियमचे क्षार काळ्या कागदातून आरपार जाणारे किरण सोडत असतील. पण नेमकं आभाळ भरून आलं. त्याने कागदात गुंडाळलेली फोटोची काच आणि तिच्यावरचे क्षार तसेच खणात ठेवून दिले. काही दिवसांनी, १ मार्चला, काच धुऊन पाहिली. वाटलं होतं, पुसटसं काही असेल. बघतो तर ठसठशीत ठसा! ऊन न खाताच युरेनियम काहीतरी बाहेर टाकत होतं. दोन वर्षांनी, १८९८मध्ये, मेरी आणि पिएर क्युरी यांना याच वाटेवर खरं रेडियम सापडलं.

"म्हणजे त्याची गोधडी म्हणजे खण!" भाची म्हणाली.

अगदी बरोबर. पुढे रेडियम झिंक सल्फाइडमध्ये कालवून घड्याळांचे काटे रंगवायला लागले. रेडियमचे कण आदळले की त्या पुडीत रात्रंदिवस चिमुकल्या ठिणग्या उडत. दिवा दाखवायलाच नको. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या कारखान्यात हे काम तरुण मुली करत. अंक बारीक यावेत म्हणून त्यांना ब्रशचं टोक ओठांनी अणकुचीदार करायला शिकवलं होतं. दर वेळी थोडं रेडियम पोटात. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून ते हाडांत जाऊन बसलं. जबडे झिजले, कित्येकींचा जीव गेला. ग्रेस फ्रायर आणि आणखी चौघींनी कंपनीला कोर्टात खेचलं. १९२८मध्ये कंपनीला भरपाई द्यावी लागली. कामगारांना सुरक्षितपणे काम करता यावं, यासाठी पुढे जे नियम झाले, त्यांत या मुलींच्या लढ्याचा वाटा आहे.

भाची बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "पप्पांच्या लूम्सवर असं काही नसतं ना?" नाही गं, तिथे रेडियम नसतं. पण कारखान्यात काय हाताळतो आणि त्याने काय होतं, हे विचारायचा हक्क प्रत्येकाला असतो. तो हक्क अशाच लोकांनी मिळवून दिला.

आता घड्याळांत रेडियम वापरत नाहीत. आपल्या बोलण्यात नाव तेवढं उरलं. पण फार जुनं, तबकडीवरचे ठिपके तपकिरी झालेलं घड्याळ घरात सापडलं, तर ते उघडायचं नाही, ठिपके खरवडायचे तर मुळीच नाहीत. ते चमकत नसलं तरीही! कारण दमलंय ते झिंक सल्फाइड. रेडियम अर्धं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. ते आत तसंच जागं असतं.

सुरत हिऱ्यांचं शहर, मग हिऱ्याचीही एक गंमत ऐका. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी सुरत बंदरातून भारतात ये-जा करायचा. त्याने इथून एक मोठा निळा हिरा नेला. तो पुन्हापुन्हा कापून उरलेला ४५.५२ कॅरटचा तुकडा म्हणजे अमेरिकेतला प्रसिद्ध होप हिरा. त्याच्यावर अतिनील किरण टाकून दिवा मालवला की तो निळा नाही, निखाऱ्यासारखा लाल चमकतो! त्याच्याही आत पतंग अडकतात म्हणायचे.

पहाटे साडेचारला भाचीने मला उठवलं. घड्याळ रात्रभर गोधडीतच होतं. आता दिसेल?

दिसलं! पण हिरवं नाही, राखाडी. आपल्या डोळ्यांत दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशींना रंग कळतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी अगदी मंद उजेडातही पाहतात, पण त्यांना रंग ओळखता येत नाहीत. अंधाराची पुरती सवय व्हायला त्यांना २०-३० मिनिटं लागतात. आम्ही तर झोपेतूनच उठलो होतो, त्यामुळे त्या तयारीत होत्या. आणि थेट काट्याकडे पाहण्यापेक्षा जरा बाजूला पाहिलं की काटा जास्त स्पष्ट दिसे, कारण नजरेच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतात. मग ३० सेकंदांचा फोटो घेतला. काटे पुसट आले, पण हिरवे! डोळ्यांना न दिसलेला रंग फोनने वेचून आणला होता.

तुम्ही काय कराल? रेडियमच्या दोन सारख्या चांदण्या घ्या. दोन्हींना सारखा उजेड दाखवा. मग एक डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, एक टेबलावर. पाच मिनिटांनी अंधारात शेजारीशेजारी फोटो काढा. मग दोन्ही चांदण्या रात्रभर डबीत कोंडा आणि दुसऱ्या दिवशी एक लाल एलईडीखाली धरा, दुसरी निळ्या एलईडीखाली. कोणत्या वाऱ्याने पतंग चढतो आणि कोणत्याने नाही, ते वहीत लिहून ठेवा.

सकाळी दाजी घरी आले. कानांत अजून लूम्सची खडखड असेल, कारण ते जरा मोठ्यानेच बोलत होते. भाचीने चहाच्या आधी त्यांच्या हातात फोन दिला आणि ठिपक्यांचं सगळं गणित सांगून टाकलं. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवत एकेक ठिपका मोजला आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"तीस? एवढा वेळ तू गप्प बसलीस?"