पडेगावचा कचरा, वेरूळचा गिलावा

संभाजीनगरहून वेरूळला जाताना पडेगाव लागतं, मग मिटमिटा, मग दौलताबादचा किल्ला. वेरूळला बहुतेकांची नजर मूर्तींवर खिळते. मला वर्षानुवर्षं ओढ आहे ती तिथल्या गिलाव्याची. दीड हजार वर्षांच्या पावसाळी दमटपणात माती दगडाला धरून कशी राहिली?

याचं उत्तर मार्च 2016 मध्ये ‘करंट सायन्स’मधल्या एका शोधनिबंधात सापडलं. पुरातत्त्व विभागाचे माजी रसायनतज्ज्ञ मॅनेजर राजदेव सिंह आणि मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी बाराव्या लेण्यातल्या गिलाव्याचा नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यात त्यांना भांगेच्या झाडाचे अंश दिसले. जालन्याकडून आणि दिल्लीच्या आसपासहून आणलेल्या ताज्या झाडांशी ते ताडून पाहिले. प्रमाण निघालं सुमारे दहा टक्के. या झाडाचे तंतू माती बांधून ठेवतात, ओल शोषून हळूहळू सोडतात आणि किडीला जवळ येऊ देत नाहीत. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथली निदान चतुर्थांश चित्रं किडीने खाल्ली, असं हेच अभ्यासक सांगतात. यादवांच्या देवगिरीवरही त्यांना हेच मिश्रण आढळलं. म्हणजे आपल्याच रस्त्यावर, पडेगावच्या पुढे.

आणि अलीकडे या रस्त्यावर काय आलं? कचरा. 16 फेब्रुवारी 2018 ला, जिथे शहराचा कचरा टाकला जायचा त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीस-पस्तीस वर्षं शहराची घाण सोसलेल्या लोकांनी दुसरं करायचं तरी काय होतं? गाड्या या रस्त्याला वळल्या आणि 7 मार्चला मिटमिट्यात दगडफेक, जाळपोळ, लाठीमार झाला. महापालिका आयुक्तांची बदली झाली, पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर धाडलं गेलं. पुढे चिकलठाणा, हर्सूल, कांचनवाडी आणि पडेगाव इथे प्रक्रिया केंद्रं ठरली. पडेगावचं रोज दीडशे टनांचं. ओल्या-सुक्या कचऱ्याची तेवढी सोय झाली. पाडलेल्या घरांचा मलबा मात्र आजही रात्री ट्रॅक्टरमधून नाल्याकाठी ओतला जातो.

कचऱ्यातूनच बांधायचा प्रयत्नही झाला. याच भागात, दौलताबादजवळ, नमिता कपाळे आणि कल्याणी भारंबे यांनी सुमारे 16,000 प्लास्टिकच्या बाटल्या वापरून ‘वावर’ नावाचं घर उभं केलं. बाटलीत प्लास्टिकच्या पिशव्या आणि वेष्टनं ठासून भरायची, ती विटेसारखी रचायची आणि वरून शेणमातीने लिंपायची. त्यांच्या जिद्दीला माझा सलाम आहे. तरी भिंतीत कोंडलं म्हणून प्लास्टिक संपत नाही, ही शंका मनातून जात नाही. घर पाडायची वेळ आली की ते पुन्हा उघड्यावर येणार. गिलाव्यातली भांग पुन्हा मातीतच मिसळते.

मलब्याचं काम त्यामानाने सोपं आहे. सळ्या, लाकूड वेगळं काढायचं, उरलेलं क्रशरमध्ये फोडायचं, चाळायचं. त्या खडीचे गट्टू होतात, रस्त्याखालचा भराव होतो. ‘आयएस 383’ या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीने एम-25 दर्जापर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी चालेल असं ठरवून दिलं आहे; सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये 25 टक्के. त्याच वर्षी केंद्राने काढलेल्या बांधकाम कचऱ्याच्या नियमांत सरकारी आणि पालिकेच्या कामांत 10 ते 20 टक्के माल मलब्यापासून केलेला घ्यावा असं म्हटलं होतं. विटांचंही तसंच. परळीच्या वीज केंद्राची राख आहे, तिच्या विटा होतात; मग लाल विटांसाठी शेताची वरची काळी माती का खरवडायची? माल आहे, मानक आहे. नडतं ते निविदेत. तिथे हा माल सक्तीचा झाल्याशिवाय कुठलाही ठेकेदार आपणहून घेणार नाही.

पडेगाव-मिटमिट्यात गट्टू बसवायचं काम पुन्हा निघेल तेव्हा गल्लीतल्या लोकांनी ठेकेदाराला काम सुरू होण्याआधीच अडवून विचारावं: यात मलब्याचा माल किती टक्के आहे? आणि उत्तर लेखी घ्यावं.