जुन्या यंत्रावर पेंचचा पिनबॉल
निन्टेन्डोने १९८३ मध्ये आणलेल्या फॅमिकॉम या यंत्रासाठी हौशी प्रोग्रामर आजही नवे खेळ रचतात. अशा खेळांना ‘होमब्रू’ म्हणतात. उदाहरणार्थ, पारशिवनी तालुक्यातील पेंच नदीवरच्या नवेगाव खैरी धरणावर पिनबॉलचा पट बेतला, तर फ्लिपर, म्हणजे चेंडू परतवणाऱ्या दांड्या, धरणाचे दरवाजे ठरतील आणि डाव्या-उजव्या कालव्यांत शिरलेला चेंडू अधिक गुण मिळवून देईल. मात्र यंत्राची कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट असून प्रोसेसरला गुणाकाराची आज्ञा नाही. म्हणून चेंडूचे प्रत्येक अक्षावरील स्थान पूर्णांक आणि २५६ भागांचा अपूर्णांक अशा दोन बाइटांत ठेवून, वेगवान चेंडू भिंतीपलीकडे निसटू नये यासाठी त्याची हालचाल लहान टप्प्यांत तपासावी लागते. मर्यादेतून येणारी ही शिस्त शिकणाऱ्यासाठी मोलाची आहे.