दोन दिवसांची सुटी आणि मेणवलीची घंटा

रविवारची सुटी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणी तरी झगडून मिळवली होती याचे स्मरणही आपल्याला उरलेले नाही. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. तिच्या मागण्यांत आठवड्याच्या सुटीची मागणी प्रमुख होती, आणि ती १० जून १८९० रोजी मान्य झाली. त्यानंतर केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना १९८५ साली पाच दिवसांचा आठवडा लाभला, बँकांना २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार मिळाला, आणि २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांतही शनिवार सुटीचा झाला. शाळा या निर्णयातून वगळल्या गेल्या. तथापि शनिवारची शाळा बहुधा सकाळची असल्याने मास्तर आणि मुले दुपारपासून मोकळी होतात, निदान तशी ती व्हावीत.

प्रत्यक्षात ती होत नाहीत. शनिवारची दुपार शिकवणीची आणि रविवारची सकाळ चाचणी परीक्षेची, हा क्रम आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचला आहे. यात इतरांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. शिक्षकी पेशात असताना दहावीच्या मुलांचे रविवार जादा तासांसाठी मी स्वतः किती वर्षे घेतले, त्याची मोजदाद न केलेलीच बरी. त्या तासांनी किती गुण वाढले हे सांगता येईल. त्यांतून काय हरवले हे सांगणारी गुणपत्रिका निघत नाही.

सेवानिवृत्तीनंतर गेल्या हिवाळ्यात एक लहानसा प्रयोग करावा असे मनात आले. साताऱ्यातील आमच्या वसाहतीतील अकरा मुले, तीन वडील मंडळी आणि मुलांपैकी एकाची आई असा तांडा घेऊन शनिवारी दुपारी एसटीने वाई गाठली. सामान म्हणजे चित्रकलेच्या वह्या, जलरंगांच्या पेट्या, पाण्यासाठी जुने डबे आणि घरून बांधून घेतलेली शिदोरी. मुक्काम एका स्नेह्यांच्या ओसरीवर. दीड दिवसात चित्रे काढायची, खजिना शोधायचा आणि पायी हिंडायचे, एवढाच कार्यक्रम होता.

कृष्णेच्या घाटावर मुले रंग घेऊन बसली, आणि पहिल्या अर्ध्या तासातच मला माझ्या धंद्याचे अपयश दिसून आले. नववीतल्या एका मुलाने कागदावर दोन त्रिकोणी डोंगर काढले, त्यांच्या फटीतून उगवणारा सूर्य काढला, नागमोडी नदी काढली आणि काठावर एक झोपडी बसवली. वेळ उन्हे कलण्याची होती, सूर्य त्याच्या पाठीशी होता आणि झोपडी तर आसपास कोठेही नव्हती! हे चित्र महाराष्ट्रातील प्रत्येक मूल काढते. मीही काढले आहे. मी त्याला म्हटले, "समोरच्या डोंगराला शेंडा आहे का, ते नीट बघ." त्याने प्रथमच मान वर केली. वाईभोवतालचे डोंगर माथ्यावर सपाट आहेत आणि त्यांच्या अंगावर पायऱ्यांसारखे आडवे कडे आहेत. लाव्हाचे थर एकावर एक पसरून थिजले, त्यांतील कठीण थर टिकून राहिले व मऊ थर झिजत गेले, म्हणून सह्याद्रीला हे रूप आले. ही माहिती त्याला पाठ होती. भूगोलात त्याला उत्तम गुण होते. पाठ असलेला डोंगर आणि समोरचा डोंगर एकच आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते.

त्यावर त्याने विचारलेला प्रश्न मला अधिक लागला. "सर, हे ग्रेडच्या परीक्षेत चालेल का?" एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांनी मुलांच्या हाताला वळण लावले, हे मी नाकारत नाही. पण इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला जादा गुण मिळू लागले, आणि रंगपेटीही गुणांच्या कारखान्यात कामाला लागली.

त्या दिवशीचे सर्वांत सुरेख चित्र निघाले ते बरोबर आलेल्या त्या बाईंचे. शाळा सुटल्यावर ब्रश हाती धरलाच नाही असे म्हणत त्या बराच वेळ डबे आवरत बसल्या होत्या. मुलांनी आग्रह केला तेव्हा त्यांनी कागद घेतला आणि घाटाच्या पायऱ्यांच्या रेषा एका दमात, पट्टीशिवाय, एकसारख्या अंतरावर ओढल्या. वीस वर्षे रोज सकाळी उंबऱ्यापुढे रांगोळी घालणारा तो हात होता. आम्ही त्याला कधी कलेचा हात म्हटले नाही.

रविवारी सकाळी खजिन्याचा शोध सुरू झाला. आधल्या आठवड्यात मी एकटा येऊन जागा हेरून गेलो होतो आणि सात चिठ्ठ्या तयार केल्या होत्या. पहिलीत लिहिले होते : 'ज्या देवळाची पाठ माशासारखी निमुळती आहे, तिथे जा आणि कारण शोधा.' मुले ढोल्या गणपतीच्या मागे धावली. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेल्या या मंदिराची मागील भिंत पुराचे पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे, अशी बांधलेली आहे. सहावीतल्या एका मुलीने घाटावरच्या डबक्यात दगड उभा करून पाणी सोडून पाहिले आणि उत्तर आणले. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच पाहिला असेल.

तेथून मेणवलीपर्यंतचे तीनेक किलोमीटर अंतर पायी कापले. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागचा कृष्णेचा घाट आणि मेणेश्वराचे देऊळ हा परिसर 'स्वदेस' या २००४ सालच्या चित्रपटामुळे मुलांच्या ओळखीचा होता. नाना फडणवीस कोण, हे मात्र निम्म्यांना सांगावे लागले. शेवटची चिठ्ठी अशी होती : 'देवळात टांगलेली, पण देवळासाठी न ओतलेली.' घाटावरच्या लहानशा घुमटीत ती भलीमोठी घंटा आहे. मुले तिच्याभोवती फिरली, आणि एकदम गलका झाला. घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती होती आणि १७०७ हे साल होते.

शंकराच्या देवळात मेरी कशी आली? मी उत्तर सांगितले नाही. वाद घालू दिला. कोणी म्हणाले इंग्रजांनी दिली असेल. अखेर आठवीतल्या एकीला पाठ्यपुस्तकातील वसईची मोहीम आठवली. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तेथील चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या. त्यांतील ही एक. मग हिशेब झाला की, या घंटेने बत्तीस वर्षे पोर्तुगिजांना प्रार्थनेला बोलावले आणि त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती मराठी मुलखात आहे. अशाच घंटा भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातही आहेत, असे सांगताच पुढच्या खजिन्याचे बेत तेथेच सुरू झाले. खरा खजिना म्हणून मी कंदी पेढ्यांचा पुडा लपवून ठेवला होता. तो शोधायचे कोणाच्या ध्यानातच राहिले नाही. शेवटी मलाच तो काढून द्यावा लागला.

हे सर्व रम्य वाटत असले, तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. घाटाजवळच्या चहाच्या टपरीवर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा कपबशा विसळत होता. आमच्या मुलांनी त्यालाही चिठ्ठी वाचून दाखवली. घंटा कोठे आहे हे त्याने लगेच सांगितले, पण तिच्यावर चित्र आहे हे त्याला ठाऊक नव्हते. बघायला चल म्हटल्यावर त्याने मालकाकडे पाहिले आणि तो पुन्हा कपबशांकडे वळला. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार त्याच्यापर्यंत अद्याप पोचायचा आहे. आणि तो केवळ त्याच्यापर्यंतच पोचायचा आहे असेही नाही, हे परतीच्या वाटेवर कळले.

संध्याकाळच्या एसटीत नववीतला तो मुलगा मांडीवर वही घेऊन खिडकीतून दिसणारा डोंगर गिरवीत होता. या वेळी माथा सपाट होता आणि सूर्य नव्हताच. पुढच्या महिन्यात कोठे जायचे याची चर्चा रंगली होती. नाशिक दूर पडेल, पुण्यावरून भीमाशंकर जमेल का, मुक्काम किती, असे तिन्ही वडील मंडळी उत्साहाने बोलत होती. रंगाने माखलेली बोटे पदराला पुसत त्या बाई मागच्या बाकावरून म्हणाल्या, "सर, मी येईन. पण या खेपेला पंधरा माणसांचे डबे करायला मी पहाटे चारला उठले होते. पुढच्या वेळी कोण उठणार, तेवढे आधी ठरवा."

तिन्ही वडील खिडकीबाहेर पाहू लागले.