चाक्षुष यज्ञाचे एक वर्ष

'मालविकाग्निमित्रा'तील नाट्याचार्य गणदासाच्या मुखाने कालिदासाने नाट्याला देवांचा चाक्षुष यज्ञ म्हटले आहे. यज्ञ म्हटला की ऋत्विज आला, तसाच यजमानही आला. रंगमंचावर आहुती देणारा नट किंवा गायक हा ऋत्विज मानला, तर समोरच्या अंधारात मौन धारण करून बसलेला प्रेक्षक हाच त्या यज्ञाचा यजमान होय. भरतमुनींनाही हे पुरते ठाऊक होते. नटाने कसे उभे राहावे, कसे बोलावे हे सांगून ते थांबले नाहीत. उत्तम प्रेक्षक कोणता याचेही लक्षण त्यांनी सांगितले. पात्राच्या आनंदाने जो आनंदतो, त्याच्या शोकाने जो शोकाकुल होतो, तो खरा प्रेक्षक, असे त्या विवेचनाचे सार आहे. पुढे अभिनवगुप्तासारख्या आचार्यांनी याच प्रेक्षकाला 'सहृदय' या नावाने गौरविले. तात्पर्य, नाटक पाहणे वा गाणे ऐकणे हा रिकामा वेळ घालविण्याचा उद्योग नव्हे; ते एक अनुष्ठान आहे. हे अनुष्ठान कोणी वर्षभर व्रतासारखे चालविले, तर त्यातून काय हाती लागेल?

हा विचार करण्यास डब्लिन हे गाव सोयीचे आहे. हे डब्लिन आयर्लंडचे नव्हे, कॅलिफोर्नियातील. आलामीडा परगण्यातील या गावाला नगराचा दर्जा १९८२ साली मिळाला आणि २०२० च्या जनगणनेत त्याची वस्ती सत्तर हजारांच्या वर गेली. भारतीय कुटुंबे येथे मोठ्या संख्येने राहतात. शेजारच्या लिव्हरमोर गावी शिव-विष्णूचे देवालय आहे. परंतु भव्य संगीतगृह वा ऑपेरागृह मात्र गावात नाही. ही उणीव १९९७ साली येथवर आलेल्या 'बार्ट'च्या आगगाडीने पुष्कळशी भरून काढली. डब्लिनच्या स्थानकावर बसलेला प्रवासी गाडी न बदलता तासाभरात सॅन फ्रॅन्सिस्कोच्या सिव्हिक सेंटर स्थानकावर उतरतो आणि काही मिनिटे चालून ऑपेरागृहाच्या पायऱ्यांशी येतो. एखाद्या मराठी गृहस्थाने गुढीपाडव्याला संकल्प सोडला, की वर्षभर महिन्यातून निदान दोन वेळा घराबाहेर पडून एखाद्या प्रेक्षागृहात जाऊन बसावयाचे, तर त्याचे वर्ष कसे जाईल, हे येथे कल्पून पाहावे.

पाडवा सरतो न सरतो तोच सॅन फ्रॅन्सिस्कोचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव येतो. या महोत्सवाशी भारतीयांचे नाते अगदी पहिल्या दिवसापासूनचे आहे. १९५७ साली तो प्रथम भरला, तेव्हा उत्कृष्ट चित्रपटाचा आणि उत्कृष्ट दिग्दर्शनाचा असे दोन्ही मान सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ने मिळविले. बंगालमधील एका दरिद्री कुटुंबाची कथा पॅसिफिकच्या तीरावरील परक्या प्रेक्षकांनी आपली मानली, हे 'सहृदय' या शब्दाचे प्रत्यक्ष उदाहरण होय.

चित्रपटासाठी मात्र आगगाडीची गरज नाही. डब्लिनच्याच हॅसिएंडा क्रॉसिंग्ज या बाजारपेठेत आयमॅक्सचा प्रचंड पडदा असलेले चित्रपटगृह आहे. २०२३ च्या जुलैमध्ये 'ओपेनहायमर' हा चित्रपट आला, तेव्हा सत्तर मिलिमीटरच्या मूळ फितीवरून तो आयमॅक्स पडद्यावर दाखविणारी चित्रपटगृहे साऱ्या जगात तीसच्या आसपास होती आणि त्यांतील एक डब्लिनचे होते. हा योगायोग साधा नव्हता. ओपेनहायमर याच परिसरातील बर्कली विद्यापीठात अध्यापक होता. तेथेच आर्थर रायडर या पंडिताजवळ तो संस्कृत शिकला आणि गीता मुळातून वाचू लागला. डब्लिनच्या पूर्वेस काही मैलांवर लिव्हरमोरची अण्वस्त्र-प्रयोगशाळा १९५२ पासून उभी आहे. म्हणजे एका बाजूस देवालय, दुसऱ्या बाजूस प्रयोगशाळा आणि मध्ये या दोहोंचा संवाद दाखविणारा पडदा, असे हे स्थळ आहे.

हाच विषय सॅन फ्रॅन्सिस्कोच्या ऑपेरागृहाने त्यापूर्वीच हाताळला होता. जॉन ॲडम्स या संगीतकाराच्या 'डॉक्टर ॲटॉमिक' या ऑपेराचा पहिला प्रयोग तेथे १ ऑक्टोबर २००५ रोजी झाला. त्याच्या दुसऱ्या अंकात गीतेच्या अकराव्या अध्यायातील विश्वरूपदर्शन इंग्रजी भाषांतराच्या आधारे समूहगान म्हणून येते. अर्जुनाची भीती परक्या भाषेत, परक्या स्वररचनेत, शेकडो मैलांचे वाळवंट डोळ्यांपुढे आणीत उभी राहते. भाषा बदलली, वाद्ये बदलली. भयाचा स्थायीभाव तोच राहिला.

श्रावण-भाद्रपदाचे दिवस आले, की व्रताला बहर येतो. उन्हाळ्यातील रविवारी स्टर्न ग्रोव्हच्या निलगिरीच्या झाडीत विनामूल्य संगीतसभा भरतात. ही प्रथा १९३८ पासून चालत आली आहे. चटई अंथरून, शिदोरी सोडून, मुलाबाळांसह बसलेल्या तेथील मंडळींकडे पाहून गणेशोत्सवातील गाण्याच्या बैठकीची आठवण कोणाही मराठी माणसास यावी. घरोघरी गणपती बसण्याच्या सुमारासच, सप्टेंबरात, ऑपेराचा मुख्य हंगामही सुरू होतो. हे ऑपेरागृह १९३२ साली उघडले आणि सुमारे तीन हजार श्रोते त्यात बसतात. एवढ्या मोठ्या सभागृहात, खाली वाद्यवृंदाचा कल्लोळ चालू असता, गायिकेचा आवाज ध्वनिक्षेपकाच्या साह्यावाचून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. प्रथम ऐकणारा श्रोता येथेच चकित होतो. भाषेची अडचण आता फारशी उरलेली नाही. रंगमंचाच्या वर शब्दार्थ झळकविण्याची सोय १९८३ साली टोरांटो येथे प्रथम झाली आणि नंतर ती सर्वत्र रूढ झाली.

मराठी प्रेक्षकाला ऑपेरा वाटतो तितका परका नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, तेव्हापासून गाण्यातून कथा सांगणारे नाटक हा महाराष्ट्राचा जिव्हाळ्याचा विषय झाला. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसच्या रंगमंचावर बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथही गाऊन गेले. १९९३ साली मिटलेली त्याची दारे २०१६ साली पुन्हा उघडली. तथापि दोहोंमध्ये एक मूलभूत भेद आहे. ऑपेरातील गायक लिहिलेल्या स्वरांशी बांधलेला असतो. नाट्यपद गाणाऱ्याला चाल मिळते, पण विस्तार त्या त्या रात्रीचा असतो. कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला साथीस असता बालगंधर्वांचे एकच पद दोन रात्री दोन रूपे घेई आणि 'वन्स मोअर'च्या गजरात ते पुनःपुन्हा फुलत जाई. उलट मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात श्रोत्यांच्या अशाच आग्रहापायी वाद उद्भवला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तोस्कानिनीसारखा वाद्यवृंदनायक तेथून निघून गेला. एका परंपरेत श्रोत्याची दाद रचनेचा भाग आहे, दुसरीत त्याचे मौन रचनेचा भाग आहे. श्रोत्यावाचून मात्र दोन्ही अपुऱ्याच.

कार्तिकाच्या तोंडावर, ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिन येतो. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, त्याचे हे स्मरण. या परिसरात मराठी नाटकाला ऑपेरागृहाचे वैभव नाही. प्रयोग बहुधा शाळा-महाविद्यालयांच्या सभागृहांतून होतात. दिवसा कचेरीत काम करणारी माणसे रात्री तालमी करतात, नेपथ्य स्वतःच्या गाडीतून वाहून आणतात आणि पडदाही स्वतःच ओढतात. २०२४ च्या जूनमध्ये सॅन होजे येथे बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन भरले, तेव्हा ही हौस मोठ्या प्रमाणावर दिसली. असा प्रयोग एकदाच होतो. त्या संध्याकाळी जो आला नाही, त्याच्यापुरता तो झालाच नाही.

व्रतातील खरी परीक्षा येथेच आहे. तिकिटाचा खर्च, मुलांचा अभ्यास, हायवेवरील गर्दी, परतीची शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते ती चुकेल ही धास्ती, हे सारे अडथळे खरे आहेत. त्यांहून मोठा अडथळा घरातील दिवाणखान्यात असतो. पडद्यावर जगातील सर्व नाटके व मैफली आयत्या मिळत असता बाहेर कशाला जावे, हा प्रश्न कोणासही पडावा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग तर २००६ पासून चित्रपटगृहांतही थेट दिसतात. तेथील दुपारचा प्रयोग कॅलिफोर्नियात शनिवारी सकाळी दहाला पाहता येतो. ही सोय उपकारकच आहे. परंतु सोयीबरोबर एक घातक शब्द घरात शिरतो. तो शब्द म्हणजे 'पुढच्या वेळी'.

या शब्दाची किंमत मराठी रंगभूमीने एकदा मोजली आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर, असा तो दुर्मिळ योग होता. त्या रात्री जे जाऊ शकले नाहीत त्यांतील कित्येकांनी 'केशवरावांना पुन्हा ऐकू' असे म्हटले असेल. अवघ्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर रोजी, केशवराव निवर्तले. वय जेमतेम एकतीस. त्यांच्या नावाचे कोल्हापूरचे नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेले. तेही ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, आगीच्या भक्ष्यस्थानी पडले.

सॅन फ्रॅन्सिस्कोच्या परिसरानेही तेच वर्ष अनुभवले. ओरिंडाच्या टेकड्यांत उघड्या आकाशाखाली शेक्सपिअरची नाटके करणारी कॅलिफोर्निया शेक्सपिअर थिएटर ही संस्था पन्नास वर्षांच्या कार्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले. डब्लिनहून तेथे मोटारीने सहज जाता येई. त्याच डिसेंबरच्या १५ तारखेस सॅन फ्रॅन्सिस्को येथे उस्ताद झाकिर हुसेन यांचे निधन झाले. माहीमच्या घरात अल्लारखांच्या मांडीवर तालाचे बोल ऐकलेला हा कलावंत अनेक दशके याच खाडीच्या उत्तर तीरावर राहत होता. इतक्या जवळ राहणाऱ्या कलावंतास ऐकण्याची घाई कोणास वाटावी? तो शेजारी होता, म्हणूनच 'पुढच्या वेळी' हे शब्द सहज तोंडी येत. ध्वनिमुद्रिका उरल्या आहेत आणि त्या अमोल आहेत. परंतु समेवर येताना श्रोत्यांकडे टाकलेला तो मिश्किल कटाक्ष कोणा एका रात्रीच्या कोणा एका रांगेसाठी होता; त्या रांगेत जे बसले होते, त्यांच्याच तो वाट्यास आला.

पुढचा पाडवा आला, की संकल्पाचे उद्यापन होते. वर्षभरात पाहिलेले सगळेच चांगले असेल असे नव्हे. काही प्रयोग कंटाळवाणे, काही मैफली फिक्या, काही चित्रपट विसरण्याजोगे निघतील. व्रतकर्त्याला त्याचा विषाद वाटू नये. फिक्या मैफलीतही तो यजमान होता. त्याची खुर्ची रिकामी नव्हती. पंचवीस श्रोत्यांपुढे गाणारा तरुण गायक पुढे अडीच हजारांपुढे गाईल की गाणे सोडून देईल, हे पुष्कळदा त्या पंचवीसांवर अवलंबून असते. उद्यापनाच्या दिवशी ब्राह्मणभोजन घालण्याची चाल आहे. या व्रताचे उद्यापन मात्र एखाद्या तरुण शेजाऱ्याला वा घरातील मुलाला पुढच्या प्रयोगाचे तिकीट देऊन, हात धरून सोबत नेल्याने अधिक शोभेल. यज्ञातील अग्नी असाच एका घरातून दुसऱ्या घरात नेला जातो.