भुईवर बसलेली आई

माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते विडी कामगारांच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा चित्रकलेविषयी बोलताना कोठे चुकलो तर सांभाळून घ्यावे.

व्हेनिसचा चित्रकार जिओव्हानी बेलिनी याने १५०० ते १५०५ च्या सुमारास काढलेले 'कुरणातील माता' हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मी पाहिले ते छापील प्रतीतच. मरीया भुईवर बसली आहे. मांडीवर बाळ येशू निजला आहे. मागे नांगरलेली शेते, गुरे. आपल्या कामठ्याच्या शिवारात शोभावे असेच सारे. परंतु बाळ फार सैल पडले आहे. क्रुसावरून उतरवलेला मुलाचा देह आई मांडीवर घेते, त्या प्रसंगाच्या चित्रांत देहाची ठेवण अशीच असते. म्हणजे झोपेच्या चित्रात मरण आधीच येऊन बसले आहे! एका बाजूला पांढरा पक्षी सापाशी झुंजतो आहे. पर्णहीन झाडावर एक काळा पक्षी नुसता वाट पाहत आहे. आईच्या डोळ्यांत मात्र पाणी नाही. जोडलेल्या हातांची बोटे तेवढी एकमेकांना हलकेच टेकली आहेत.

तिच्या निळ्या वस्त्राचेही एक गणित आहे. उत्तम निळा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून होई. तो इतका महाग, की कोणत्या प्रतीचा निळा वापरायचा हे करारपत्रात लिहून घेत. (करारपत्र म्हटले की माझे कान टवकारतात, त्याला इलाज नाही.) स्वर्गाची राणी सिंहासनावर दाखवावयाची, ती येथे मातीवर बसली, ही तिची नम्रता. नम्रता या अर्थाचा लॅटिन शब्दही मातीच्या शब्दाशीच नाते सांगतो.

हे चित्र मी एकदा विड्या वळणाऱ्या बायांना दाखवले. मांडीवर सूप, शेजारी गोणपाटावर निजलेले पोर, अशा त्या बसलेल्या. एकीने बराच वेळ पाहून विचारले, "पोराला ताप आहे का जी? असं निजत नाही पोर." पक्षी, साप, निळा रंग यांतले काही तिला ठाऊक नव्हते, भय मात्र तिने अचूक ओळखले. पण मरीया भुईवर बसली आहे, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. कसे यावे? त्या स्वतः भुईवरच बसल्या होत्या.

गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांच्यापुढे हाच प्रश्न असावा, असे मला वाटते. शांतिनिकेतनात शिकून ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेमसेवा आश्रमात राहिले. त्यांनी मरीयेला लुगडे नेसवले, तिला आपल्याकडच्या बाईचा सावळा वर्ण दिला. गोव्यातील पुष्कळ धर्मगुरूंना हे रुचले नाही. युरोपी खुणांची त्यांना इतकी सवय झाली होती, की त्या खुणाच त्यांना धर्म वाटू लागल्या होत्या. फोन्सेकांनी खुणा बदलल्या आणि आई ठेवली.

त्या बाईला मी सांगितले, ताप नाही, पण पुढे या मुलाला मारणार आहेत. "मंग तिले माहीत आहे," ती म्हणाली, आणि पुढचे पान उचलले.